दानशूर असण्याची अट

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हिशोब वहीत असतो आणि अहवाल छापील असतो. या दोघांची गाठ वर्षातून एकदाच पडते, तीही डीटीपीवाल्याच्या टेबलापाशी. खजिनदार वही उघडून मोठ्याने वाचतो, ऑपरेटर ऐकून टाइप करतो. मध्येच फोन येतो, चहा येतो, शेजारी लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला बसलेला मुलीचा बाप ‘आपले विनीत’मधून एका काकांचं नाव गळलं म्हणून आवाज चढवतो. या गोंगाटात खजिनदार ‘साडेबाराशे’ म्हणतो, ऑपरेटर साडेबारा हजार ऐकतो आणि मंडप डेकोरेटर बसल्याजागी श्रीमंत होतो. खाली बेरीज मात्र वहीतलीच येते, कारण खजिनदाराला ती तोंडपाठ असते. वरचे आकडे आणि खालची बेरीज यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं, आणि हे सभासदांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर वार्षिक सभेत ‘अहवाल वाचला असे समजावे’ हा ठराव दरवर्षी एकमताने पास होतो.

आमच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचा अहवालही याच घराण्यातला. त्यातला मजकूर माझ्याकडे असतो, कारण माझं मराठी बरं आहे असा गावाचा समज आहे. ‘सालाबादप्रमाणे यंदाही’ ही सुरुवात आणि ‘नजरचुकीने कोणाचे नाव राहिल्यास क्षमस्व’ हा शेवट, एवढं कायम. मधल्या जागेत देणगीदार बसवायचे.

यंदा त्यात माझ्या भाच्याने लक्ष घातलं. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरातलं वायफाय किंवा मंडळाचं लायटिंग बिघडलं की त्याला बोलावतात आणि सुरू झालं की हाकलतात. तो म्हणाला, “मामा, आकडे टाइप कशाला करायचे? डॉक्युमेंटमध्येच कोड चालवू. वर्गणीची यादी एकदा भरायची. बेरीज, शिल्लक, गेल्या वर्षीशी तुलना, सगळं मजकुरातच तयार होईल. एक पावती बदलली की सगळा अहवाल आपोआप बदलेल.”

“सगळा?” खजिनदार अण्णांनी विचारलं.

“सगळा.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. अनुभवी माणसं अशा वेळी मोजकंच बोलतात.

ही कल्पना भाच्याची नाही, हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर बहीण मिठाई वाटेल. डोनाल्ड क्नूथ नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक आहेत. त्यांना स्वतःच्या पुस्तकाची नव्या पद्धतीची छपाई पसंत पडली नाही. आपल्याकडे छपाई पसंत पडली नाही की आपण डीटीपीवाला बदलतो. क्नूथ यांनी अक्षरजुळणीची अख्खी प्रणालीच स्वतः लिहून काढली. ती ‘टेक’, आणि तिची पहिली आवृत्ती आली १९७८ साली. आजही जगभरचे गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे लेख तिच्यात किंवा तिच्या लेकरांत छापले जातात. आपल्या पुस्तकांत चूक दाखवणाऱ्याला क्नूथ २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवायचे. लोक तो वटवत नसत, फ्रेम करून भिंतीवर लावत. अण्णांना ही प्रथा काही रुचली नाही. चुकीमागे पैसे द्यायचे ठरलं तर आमचं मंडळ गौरी यायच्या आधीच बुडेल, असं त्यांचं मत पडलं. टेकच्या आवृत्त्यांचे क्रमांक पायच्या किमतीकडे सरकत जातात: ३.१४, मग ३.१४१, दर सुधारणेला एक अंक जास्त. आमच्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रानेही आपल्या वाणांना क्रमांकच दिले, कर्जत-३, कर्जत-७ असे. पण बियाण्याच्या दुकानात शेतकऱ्याला दशांशस्थळं मोजत उभं राहावं लागत नाही, एवढा विचार आमच्याकडे केलेला आहे.

याच क्नूथ यांनी १९८४ साली मांडलं की प्रोग्रॅम हा माणसाने वाचायचा लेख म्हणून लिहावा. फाइल एकच, तिच्यातून एकीकडे छापील लेख निघावा आणि दुसरीकडे चालणारा प्रोग्रॅम. तिथून पुढे वंश वाढला. १९८८ साली मॅथेमॅटिका या गणिताच्या प्रोग्रॅमची नोटबुक आली, म्हणजे मजकूर आणि चालणारा कोड एकाच पानावर. २००१ मध्ये फर्नांडो पेरेझ यांनी आयपायथन सुरू केलं आणि २०१४ मध्ये त्यातूनच ज्युपिटर निघालं. फ्रान्समध्ये काम करणारे योरिस व्हान डेर हूवेन या डच गणितज्ञांनी ‘टेकमॅक्स’ नावाचा एडिटर केला. त्यात पान लिहितानाच छापल्यासारखं सुबक दिसतं आणि त्याच पानाच्या मध्यावर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं किंवा मॅक्सिमा या गणिताच्या प्रोग्रॅमचं सेशन उघडता येतं. गणित लिहा, एंटर दाबा, उत्तर खालच्या ओळीत हजर, तेही पुस्तकातल्यासारखं मांडलेलं. नावात टेक आहे आणि इमॅक्स नावाचा जुना एडिटरही आहे, पण हा एडिटर चालतो या दोघांपैकी कोणाच्याच जिवावर नाही. पाटीवरचं नाव एकाचं आणि गल्ल्यावर बसणारा दुसरा, हा प्रकार आपल्याला नवा नाही. याच हूवेन यांनी २०१९ साली डेव्हिड हार्वे यांच्याबरोबर प्रचंड मोठ्या संख्यांचा गुणाकार आधीच्या सगळ्या पद्धतींपेक्षा कमी पायऱ्यांत करण्याची रीत शोधली. संख्या मात्र इतक्या अवाढव्य लागतात की तेवढी वर्गणी खालापूर टोलनाक्यालासुद्धा जमणार नाही.

हे सगळं मी समितीला समजावून सांगितलं. समितीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण याचा फायदा काय?” तेव्हा मी रेल्वेवर आलो. आमच्या भागात कुठलीही गोष्ट रेल्वेवरून समजते.

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते ती प्रवाशांच्या प्रेमापोटी नाही. पुढे बोरघाट आहे, ३७ फुटांमागे एक फूट चढ. १८६३ पासून गाड्या तो चढतायत. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात आणि ती ढकलत ढकलत गाडी लोणावळ्याला नेतात. इंजिनं जोडायला वेळ लागतो. त्या वेळात प्रवासी खाली उतरतात आणि बटाटावडा खातात. कर्जतच्या वड्याची कीर्ती ही घाटाच्या चढाची देणगी आहे. आपले अहवाल असेच चालतात. मजकुराची गाडी पुढे, हिशोबाचं इंजिन वेगळं, आणि दोघांना जोडायला मध्ये एक थांबा. याच थांब्यावर ‘तो आकडा जरा राउंड करून टाक’, ‘अमक्याचं नाव वर घे’, ‘उरलेलं किरकोळमध्ये दाखव’ ही सगळी खाणीपिणी होते. आता फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूरची वंदे भारत सुरू झाली आहे. तिच्या मोटारी डब्यांच्याच पोटात आहेत, तिला बँकर लागत नाही. म्हणून ती कर्जतला थांबतही नाही. कोड डॉक्युमेंटच्या पोटात घातला की अहवालाची वंदे भारत होते.

“म्हणजे वडा बंद,” अण्णा म्हणाले. सबंध समितीत विषय नेमका त्यांनाच कळला होता.

तरीही ठराव पास झाला, कारण अध्यक्षांना ‘डिजिटल अहवाल’ हे शब्द फ्लेक्सवर हवे होते.

भाचा ज्युपिटरची नोटबुक उघडून कामाला लागला. पहिला आनंद असा, की पायथनमध्ये नावं मराठीतून देता येतात. २००८ साली तिसरी आवृत्ती आली तेव्हापासून ही सोय आहे. ‘वर्गणी’, ‘मंडप’, ‘मूर्ती’, ‘आरती’ हे सगळे शब्द कोडमध्ये जसेच्या तसे चालतात. आकड्यांचं मात्र वेगळं आहे. कोडमध्ये थेट ५०१ असं देवनागरीत लिहिलं तर पायथन चूक दाखवतो. तोच आकडा अवतरणचिन्हांत घालून ‘याचा कृपया अंक करावा’ अशी आज्ञा दिली, की बिनतक्रार ओळखतो. अर्ज योग्य नमुन्यात असला की काम होतं, एवढं सरकारी वळण त्याला कोणी लावलं कोण जाणे.

सगळं सुरळीत चाललेलं असताना गाडी ‘सुपाऱ्या’ या शब्दावर अडली. पूजेच्या साहित्यात सुपाऱ्या होत्या. यादी अण्णांनी त्यांच्या जुन्या कीबोर्डवर स्वतः टाइप केली होती, भाच्याने तिथूनच शब्द उचलून कोडमध्ये टाकला. पायथनने लाल अक्षरांत कळवलं की या नावात न दिसणारं एक अवैध अक्षर आहे, त्याचा क्रमांक यू+२००डी. भाच्याने स्क्रीन जवळून पाहिला, लांबून पाहिला. सुपाऱ्या दिसत होत्या, अवैध काही दिसत नव्हतं. शेवटी उलगडा झाला. ‘ऱ्या’मधला तो कोयतीच्या आकाराचा अर्धा र दोन तऱ्हांनी काढता येतो. एका तऱ्हेत त्याला स्वतःचं अक्षर आहे, ते पायथनला चालतं. दुसऱ्या तऱ्हेत साध्या र ला हलन्त लावून मागे एक शून्य रुंदीचा जोडक ठेवतात. याला रूप नाही, रुंदी नाही, आवाज नाही. कागदावर दोन्ही सुपाऱ्या सारख्याच. पण जोडक असला की पायथन आत घेत नाही. जो कुठल्याच फोटोत दिसत नाही, ज्याचं पद कोणाला ठाऊक नाही, पण ज्याच्यामुळे काम अडतं, असा एक सभासद आमच्या समितीतही आहे. त्या दिवसापासून त्याला मंडळात ‘जोडक’ म्हणतात. तो ते कौतुक समजतो.

देणगीदारांची जुनी यादी हा पुढचा अध्याय. ती आमच्या डीटीपीवाल्याकडे होती, पण युनिकोड येण्याआधीच्या जुन्या फाँटमध्ये. असल्या फाँटात माणसाला जिथे ‘क’ दिसतो, तिथे संगणकाच्या दृष्टीने एखादं इंग्रजी अक्षर किंवा डॉलरची खूण असते. वर मराठीचा मुखवटा, आत भलतंच. फाँट काढला आणि गावातली जुनी प्रतिष्ठित घराणी स्क्रीनवर उद्गारचिन्हं आणि कंसांच्या रूपात प्रकट झाली. ती पुन्हा टाइप करावी लागली, आणि त्या निमित्ताने दोन भावांपैकी कोणाचं नाव आधी हा जुना वाद पुन्हा उघडला. भाच्याने नावं वर्णानुक्रमे लावली. ही वादावरची सर्वांत वाईट तोड निघाली, कारण ती दोघांनाही अमान्य होती.

मग पहिली पीडीएफ निघाली. ज्युपिटरची नोटबुक पीडीएफ करताना मागे तीच क्नूथ यांची टेक, तिच्या झीटेक नावाच्या नव्या अवतारात, कामाला लागते. तिला फाँट सांगितला नाही तर ती आपला घरचा रोमन फाँट वापरते. त्यात देवनागरी नाही. नसलेल्या अक्षराच्या जागी ती काही छापत नाही आणि वाच्यताही करत नाही. कुठल्या तरी लॉग फाइलीत खालच्या आवाजात नोंद करून ठेवते. परिणाम असा, की आमच्या अहवालातला मराठीचा प्रत्येक शब्द गायब झाला आणि पानांवर फक्त आकडे उरले. नाव नाही, गाव नाही, रकमाच रकमा. सगळ्या गावाने गुप्तदान केलं होतं. अण्णा ते पान बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “इतका सोयीचा अहवाल मी आजवर पाहिला नाही. असाच छापू.”

फाँट बसवल्यावर नावं आली, तर आकडे बिघडले. पायथनला स्वल्पविराम टाकायला सांगितलं की तो हजारांच्या हिशोबाने तीन-तीन अंकांवर टाकतो. त्यामुळे आमचा एक लाख पंचवीस हजारांचा जमाखर्च १२५,४३० असा छापून आला. अध्यक्षांनी स्वल्पविराम बघून तो ‘एकशे पंचवीस रुपये आणि पुढे काहीतरी’ असा वाचला आणि घाम पुसला. लाखाचा स्वल्पविराम लाखाच्या जागी बसवायला भाच्याला वेगळा कोड लिहावा लागला. अमेरिकेत लाख ही गोष्टच नाही, हे कळल्यावर समितीत त्या देशाबद्दल थोडी करुणा पसरली.

सादरीकरणाच्या दिवशी वीज गेली. खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ सालापासून मुंबईला वीज पुरवतंय, त्यामुळे वीज इथे तयार होते याबद्दल शंका नाही. ती इथे थांबत नाही एवढंच. वीज परत आली तेव्हा स्क्रीनवर ज्युपिटरचा ठरलेला निरोप होता. मागे बसून कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला कर्नल म्हणतात. निरोपाचा अर्थ असा, की कर्नल मरण पावलेले दिसतात, ते आपोआप पुन्हा सुरू होतील. भाच्याने हे मोठ्याने वाचलं. मागच्या रांगेतले एक ज्येष्ठ सभासद उठून उभे राहिले आणि दोन मिनिटं स्तब्ध राहण्याची सूचना केली. दुसऱ्या वाक्याचा अर्थ त्यांना समजावून सांगायला त्याहून जास्त वेळ लागला.

पण नोटबुकचा खरा रोग वेगळा आहे आणि तो जगभर आहे. नोटबुकमध्ये कोडचे छोटे छोटे तुकडे असतात आणि ते कुठल्याही क्रमाने चालवता येतात. आधी तिसरा चालवा, मग पहिला, मग पुन्हा तिसरा. शिवाय एखादा तुकडा पानावरून खोडला तरी त्याने काढलेलं उत्तर कर्नलच्या डोक्यात राहतं. भाच्याने चाचणीपुरता एक खोटा देणगीदार टाकला होता. नंतर तो खोडला. नाव पानावर नव्हतं, पण बेरजेत त्याचे पैसे बसूनच होते. आमच्या मतदार यादीत अशी मंडळी असतात, म्हणून समितीला यात विशेष काही वाटलं नाही. जोएल ग्रस नावाच्या गृहस्थांनी २०१८ साली ज्युपिटरच्याच परिषदेत उभं राहून ‘मला नोटबुक आवडत नाहीत’ या विषयावर भाषण केलं, त्यात हेच दुखणं होतं. दुसऱ्याच्या मांडवात येऊन त्याच्याच मूर्तीला नावं ठेवायची हिंमत आपल्याकडे दुर्मीळ. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी गिटहबवरच्या लाखो नोटबुक पुन्हा चालवून पाहिल्या. सुमारे २४ टक्के न अडखळता शेवटपर्यंत गेल्या आणि पूर्वीचंच उत्तर पुन्हा देणाऱ्या निघाल्या सुमारे ४ टक्के. म्हणजे शंभर विद्वानांपैकी शहाण्णवांना आपलाच हिशोब दुसऱ्यांदा जमला नाही. ही टक्केवारी मी अण्णांना मुद्दाम सांगितली. त्यांचा चेहरा उजळला. जागतिक पातळीवर आपण मागे नाही, ही भावना माणसाला उभारी देते.

उलट बाजूही आहे, आणि ती आपल्या जवळची आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत फॉसी नावाचा प्रकल्प आहे. त्यातल्या एका उपक्रमात विद्यार्थी प्रमाणित पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं एकेक करून कोडमध्ये उतरवतात; आधी सायलॅबमध्ये, पुढे पायथनच्या नोटबुकमध्येही. त्यासाठी त्यांना मानधन मिळतं. पुस्तकातलं उदाहरण कोडने सोडवून पाहायचं आणि उत्तर जुळतं का ते बघायचं, यापेक्षा पुस्तकाची कडक परीक्षा नाही. पाठ्यपुस्तकांच्या मागे छापलेल्या उत्तरांवर आमच्या पिढीने डोळे मिटून विश्वास ठेवला आणि उत्तर न जुळल्याबद्दल छड्या खाल्ल्या. त्यातल्या काही छड्या पुस्तकाला बसायला हव्या होत्या, असं आता वाटतं.

भाच्याने फाइल समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ‘उघडा आणि रन करा’ असं लिहिलं. सेक्रेटरींनी साफ नकार दिला. त्यांचं बरोबर होतं. लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, माणूस कौतुकाने उघडतो आणि बँकेतले पैसे आहेराला जातात, असे प्रकार आता सगळ्यांना माहीत आहेत. जे डॉक्युमेंट आपला कोड चालवू शकतं, ते दुसऱ्याचाही चालवू शकतं. १९९९ साली मेलिसा नावाच्या व्हायरसने हेच केलं होतं. वर्डची साधी फाइल, आत मॅक्रो, म्हणजे फाइलीतच लपलेला कोड. उघडणाऱ्याच्या पत्त्यांतल्या पन्नास जणांना ती आपली आपण रवाना. म्हणूनच टेकमधून बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचा असेल तर तशी परवानगी मुद्दाम द्यावी लागते, आणि टेकमॅक्स काय किंवा ज्युपिटर काय, अनोळखी माणसाची फाइल आधी वाचावी आणि मग चालवावी. वाचायची असते हेच आपल्याला नवीन, कारण आपण सगळं ‘वाचले असे समजून’ चालतो.

आता मुख्य प्रसंग. भाच्याने उत्साहाच्या भरात आकड्यांबरोबर विशेषणंही कोडमध्ये घातली होती. माझ्या मजकुरात देणगीदारांच्या तीन पायऱ्या असतात: दानशूर, स्नेही आणि हितचिंतक. कोण कुठे हे आजवर मी, अण्णा आणि चहा मिळून ठरवत आलो. भाच्याने नियम लिहिला. जमा रक्कम ५,००१ किंवा जास्त असेल तर दानशूर, ५०१ किंवा जास्त असेल तर स्नेही, बाकीचे हितचिंतक. ‘यंदा विक्रमी वर्गणी’ हे वाक्यसुद्धा त्याने अटीवर टाकलं: गेल्या वर्षीपेक्षा जास्त असेल तर ‘विक्रमी’, नसेल तर ‘समाधानकारक’. गेली कित्येक वर्षं आमची वर्गणी दरवर्षी विक्रमी होती. यंदा ती प्रथमच समाधानकारक झाली.

एवढं गिळलं असतं. पण यादी वाचताना अध्यक्ष थांबले. एका बड्या नेत्यांनी आरतीच्या वेळी माइकवरून ११,१११ रुपये जाहीर केले होते. टाळ्या झाल्या होत्या, शाल दिली होती, फ्लेक्सवर त्यांचा फोटो बाप्पापेक्षा दोन बोटं मोठा होता. पैसे मात्र आले नव्हते. वहीत जाहीर आणि जमा असे दोन रकाने असतात आणि कोडने जमा उचलला होता. जमा शून्य. त्यामुळे साहेब हितचिंतकांत होते, ५१ रुपये देणाऱ्या सलूनवाल्याच्या खाली.

खोलीत शांतता पसरली. अध्यक्ष म्हणाले, “हे बदल.”

भाचा म्हणाला, “बदलतो की काका. कसं बदलू ते सांगा.”

पहिला मार्ग, जमा रकान्यात ११,१११ टाकणे. टाकले. बेरीज वाढली, शिल्लक वाढली आणि शेवटच्या पानावर आपोआप ओळ उमटली: ‘बँक शिल्लकेशी ११,१११ रुपयांचा फरक.’ ही ओळ कोणी घातली म्हणून विचारलं तर ती आधीपासून होतीच. फरक नव्हता म्हणून गप्प होती. दुसरा मार्ग, दानशूरपणाची अट शून्यावर आणणे. आणली. सगळं गाव दानशूर झालं. सलूनवाल्याला आनंद झाला, पण ज्यांनी खरोखर पाच हजार मोजले होते ते उठून उभे राहिले. तिसरा मार्ग, साहेबांच्या नावाचा अपवाद कोडमध्ये लिहिणे: नाव अमुक असेल तर रक्कम न बघता दानशूर. हे सहज शक्य होतं, एका ओळीचं काम. फक्त ती ओळ तिथे राहणार होती, नावासकट, आणि अहवालाच्या शेवटी पूर्ण कोड छापायचा हे समितीनेच आधी ठरवलं होतं. त्याचं नाव पारदर्शकता, आणि ती फ्लेक्सवरही छापून झाली होती.

इथे मला या सगळ्या खटाटोपाचं मर्म कळलं. कोड आला म्हणून लबाडी थांबत नाही. पण पूर्वी जी गोष्ट नजरेने ठरायची, ती आता वाक्यात लिहावी लागते, आणि लिहायची म्हटलं की हात अडतो. अण्णा म्हणाले, “मोठ्या माणसांचे आकडे कोण तपासतो?” तपासतात. रेनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली दाखवलं होतं, की देशाचं कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढीचा दर सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येतो. त्याचा हवाला देऊन देशोदेशीच्या सरकारांच्या खर्चाला कात्री लावायच्या गोष्टी झाल्या. २०१३ साली थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने मूळ एक्सेल फाइल मागून घेतली, तर सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ या ओळी हव्या होत्या आणि घेतल्या होत्या ३० ते ४४. पाच देश बाहेरच राहिले होते. इतरही काही वगळावगळी होती. सगळं दुरुस्त केल्यावर आकडा निघाला अधिक २.२ टक्के. लेखात फक्त उत्तर छापलं होतं. सूत्र दुसरीकडे, एक्सेलमध्ये बसलं होतं. तीन वर्षं जगाने ‘वाचले असे समजले’.

समितीचा तिढा शेवटी अण्णांनी सोडवला. त्यांनी साहेबांच्या पीएला फोन लावला आणि अत्यंत अदबीने म्हणाले, “साहेबांचं नाव दानशूरमध्येच टाकायचंय हो आम्हाला. पण काय करणार, सिस्टीम घेत नाहीये. पैसे जमा दिसल्याशिवाय पुढे जातच नाही.”

सिस्टीम घेत नाही! या तीन शब्दांपुढे आम्ही आयुष्यभर खिडक्यांच्या बाहेर उभे राहिलो आहोत. दाखला मिळाला नाही, सिस्टीम घेत नाही. नाव दुरुस्त झालं नाही, सिस्टीम घेत नाही. या वाक्याला उत्तर नसतं, हे पीएलाही ठाऊक होतं. ते वाक्य त्याने स्वतः कितीदा वापरलं असेल. खिडकीच्या बाहेरच्या माणसाने ते आतल्या माणसाला ऐकवल्याचं माझ्या तरी माहितीत हे पहिलंच उदाहरण. संध्याकाळी ११,१११ रुपये मंडळाच्या खात्यावर जमा झाले. भाच्याने यादी पुन्हा चालवली. साहेब आपोआप दानशूर झाले, बँकेच्या फरकाची ओळ नाहीशी झाली आणि ‘समाधानकारक’च्या जागी ‘विक्रमी’ आलं.

तेव्हा कर्जत-खालापुरातल्या तमाम मंडळांना, पतपेढ्यांना आणि सोसायट्यांना माझी विनंती आहे. सगळा अहवाल कोडने करू नका, पण निदान बेरीज अहवालाच्या पोटात होऊ द्या आणि दानशूर असण्याची अट आकड्यात लिहून ठेवा. आणि कोणी रदबदलीला आलं तर त्याला अदबीने सांगा: सिस्टीम घेत नाही.